चौतीस पॉइंट

शैलेंद्रच्या एक्सेलमध्ये न्यूझीलंडचे नऊ दिवस होते आणि चौतीस पॉइंट. धबधब्याला पस्तीस मिनिटं, तळ्याला पंचवीस, त्यातच फोटो. गेली बारा वर्षं हा गृहस्थ असाच फिरत आला होता. आधी तक्ता, मग तिकिटं, आणि परतल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर 'सगळं कव्हर झालं' असा मेसेज. वीस वर्षं तुआसच्या यार्डात जहाजं दुरुस्त करून ठरल्या तारखेला पाण्यात सोडणाऱ्या माणसाला फिरण्याची दुसरी तऱ्हा सुचणार तरी कुठून?

ही सहल मात्र त्याला मनापासून हवी होती. एकुलती एक लेक चैत्राली फेब्रुवारीत मेलबर्नला शिकायला जाणार होती. तिघांनी एकत्र जायचं ते आता बहुधा शेवटचंच. आणि शनिवारी जेवताना, ताटातून मान वर न करता, चैत्राली इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही दोघं जा, लाह."

"का?" शैलेंद्रने विचारलं.

"जस्ट डोन्ट फील लाइक."

त्याने पुढचा घास घेतला. रागवायलाही अंगात त्राण लागतं. आठवडाभर पहाटे उठून मरीन परेडच्या घरातून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, तुआसला जायचं, दिवसभर लोखंडाच्या पोटात वाकून उभं राहायचं, आणि अंधार पडल्यावर तेवढंच अंतर परत. शनिवारपर्यंत त्याचं पार पायपुसणं झालेलं असे. त्याची बायको नीलिमा भांडी आवरताना एवढंच म्हणाली, "मला नको विचारूस. तिच्याजवळ जाऊन बस जरा."

रविवारी दुपारी तो बसला. चैत्राली टीव्हीसमोर तिचा तो गेम खेळत होती. डोंगर, दऱ्या, लांबवर पसरलेलं गवत आणि त्यातून एकटीच घोड्यावर चाललेली एक बाई. शैलेंद्रला ते बघून मनात टोचलं. पडद्यावरचे डोंगर चालतात हिला, आणि खऱ्या डोंगरांना नाही म्हणते! पण गिळलं त्याने.

"मला दे बघू," तो म्हणाला. "यात पॉइंट किती आहेत?"

"पॉइंट नाहीत, बाबा. नुसतं फिरायचं."

म्हणजे काय, ते त्याला कळलं नाही. त्याने घोडा सरळ दामटला. कड्यावरून दोनदा खाली पडला, एक अख्खं गाव न थांबता पार केलं आणि विचारलं, "हे झालं. पुढे?"

चैत्राली कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "तू इथे पण कव्हर करतोयस! थांब, मी खालून तुझ्यासाठी कोपी आणते."

ती लिफ्टने खालच्या हॉकर सेंटरला, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांकडे, कॉफी आणायला गेली. शैलेंद्रने भलतंच बटण दाबलं आणि पडद्यावर नकाशा उघडला. त्यावर जागोजागी निळ्या खुणा होत्या. एका खुणेवर गेला तर तीन शब्द उमटले, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं तिचं ते वेडंवाकडं मराठी. 'इथे बाबा झोपेल.'

त्याला वाटलं, थट्टा असेल. त्याने दुसरी खूण उघडली. 'बाक आहे. सावली पण. बाबासाठी.' तिसरी, तळ्याकाठची. 'इथे वारा खूप, बाबाला जॅकेट लागेल.' अशा एकोणीस खुणा होत्या. एकोणीसही त्याने वाचल्या.

बाली, क्योतो, श्रीलंका. प्रत्येक सहलीत कुठल्या तरी पॉइंटला त्याचा डोळा लागायचाच. नीलिमा पुढची रांग धरायला जायची आणि बॅगांपाशी छोटी चैत्राली बसायची, बाकावर मान टाकून घोरणाऱ्या बापाशेजारी. जागा झाला की तो ओशाळून विचारायचा, "किती वेळ झोपलो गं?" ती म्हणायची, "दहा मिनिटं." मग तो बॅगा उचलून धावत सुटायचा. आपल्या झोपेने पोरीची सहल वाया जाते, ही बोच त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

चैत्राली कोपी घेऊन आली. उघडा नकाशा बघून दारातच थबकली.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"नथिंग, लाह." मग ती त्याच्या शेजारी बसली. "तू झोपायचास ना, तेवढाच वेळ आपण एका जागी असायचो. मी तेव्हाच सगळं बघितलं, बाबा. क्योतोमध्ये एक म्हातारा अर्धा तास एकाच झाडाची पानं वेचत होता. बाकी मला काहीच आठवत नाही. यू वोक अप, वी रॅन."

"मग या वेळी का नाही येत?"

"तुझ्या शीटमध्ये झोपायला जागाच नाही. चौतीस! तू किती थकलेला दिसतोस, आरशात बघितलंस का? मला तसं नाही बघायचं. लास्ट ट्रिपला तर नाहीच."

शैलेंद्रने कंट्रोलर पुन्हा हातात घेतला. म्हणाला, "त्या तळ्यापाशी कसं जायचं, दाखव."

तिने वाट दाखवली. या खेपेला त्याने घोडा हळू चालवला. बाक आला, बाई बसली. पाण्यावर ऊन हलत होतं. कोपी निम्मी उरली होती. त्याने मान मागे टेकली, क्षणभरच.

डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर नांगरलेल्या जहाजांवर दिवे लागले होते. अंगावर चादर होती. पडद्यावरची बाई अजून बाकावरच बसलेली, आणि चैत्रालीही जागची हलली नव्हती. तिच्या मांडीवर त्याचा लॅपटॉप होता. तक्त्यातला तिसरा दिवस तिने कोरा केला होता आणि त्या जागी लिहिलं होतं, 'बाक शोधायचा. आई, बाबा, मी.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग नेहमीसारखंच विचारलं, "किती वेळ झोपलो गं?"

"दहा मिनिटं," चैत्राली म्हणाली.