फळ्या हातगाडीवरच राहिल्या

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. माझे टोक बोथट झाले आहे आणि दांडा डोक्यापाशी जरा हलतो. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रिकाम्या कुंड्यांच्या शेजारी मी उभी असते. माझ्याकडे आता कोणी फारसे पाहत नाही. त्याचे मला वाईटही वाटत नाही. वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे.

लोहाराने मला भट्टीत लाल केले, ऐरणीवर ठोकले आणि पाण्यात बुडवले, तेव्हा मी पहिल्यांदा आवाज केला. सुताराने चिवट लाकडाचा दांडा बसवला. मग मी दुकानात टांगून राहिले. एक दिवस एक रुंद पंजाचा माणूस आला. त्याने मला उचलून तोलून पाहिले, दांड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही चालेल. हिचा तोल बरा आहे."

त्या माणसाला सगळे दाजी म्हणत. खरे तर ते एकाच माणसाचे दाजी होते. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली खोदकाम करायचा. तो "दाजी, दाजी" करत मागे फिरे, म्हणून मुकादमापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसले. आणि त्या धाकट्याला सगळे मेहुणा म्हणू लागले. कोणाचा मेहुणा, हे विचारायची गरजच नव्हती.

दोघांचे काम पाण्याचे पाइप टाकण्यासाठी चर खणण्याचे. मी माती उकरायची, फावड्याने ती ओढायची आणि घमेल्याने वर न्यायची, अशी आमची वाटणी होती.

चर खणण्याआधी दाजींची एक सवय होती. ते चिमूटभर माती तळहातावर घेत, तिच्यात थोडे पाणी घालून मळत आणि बोटांमध्ये घासून कानाजवळ नेत. करकर आवाज आला तर वाळू. पिठासारखी मऊ लागली, पण बोटांना धरली नाही, तर गाळाची माती. चिकटली आणि वळून तिची लांब वात झाली, तर चिकणमाती.

"एवढ्यानं काय कळतं हो दाजी?" मेहुण्याने सुरुवातीला विचारले होते.

"सगळा खेळ कणाच्या आकाराचा आहे," दाजी म्हणाले. "वाळूचा कण ट्रकच्या चाकाएवढा आहे असं समज. मग गाळाचा कण गोटीएवढा आणि चिकणमातीचा खसखशीच्या दाण्याएवढा. चाकांचा ढीग केला तर मध्ये मोठाली भोकं राहतात, पाणी सरळ खाली जातं. खसखशीच्या ढिगात पाण्याला वाटच सापडत नाही. तिथंच अडकून बसतं."

त्याच दिवशी दुपारी ताई डबा घेऊन आली. ताई म्हणजे दाजींची बायको, मेहुण्याची थोरली बहीण. ती बसली तसा दाजींना चेव आला.

"चिकणमाती म्हणजे तुझी ताई. एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. आणि वाळू म्हणजे तू. कितीही सांगा, वरून ओतलं की खालून गळून गेलं!"

"आणि तुम्ही कोण म्हणायचे?" ताईने डब्याचे झाकण उघडता उघडता विचारले.

"मी गाळ. दोघांच्या मधे सापडलेला."

तिघेही पोट धरून हसले. मित्रांनो, तसे हसू पुढे त्या घरात राहिले नाही.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. एका शाळेच्या मैदानात पाऊस थांबून आठवडा झाला तरी तळे साचून राही. दाजींनी माती मळून पाहिली, वात भलतीच लांब झाली. त्यांनी मैदानाच्या कडेने उतार धरून चर खणला आणि तो खडी व जाड वाळूने भरला. पुढच्या पावसात मैदानावरचे पाणी त्या वाटेने निघून गेले. मुले खेळायला धावली. एका मुलीने मला उचलायचा प्रयत्न केला आणि ती धपकन बसलीच. दाजी खूश होऊन म्हणाले, "माझ्या बोटांना फसवणारी माती अजून जन्माला यायची आहे!"

ते वाक्य मला तेव्हा फार आवडले होते.

मग ती गल्ली आली. चढावरची अरुंद गल्ली, मध्येमध्ये पायऱ्या. जमिनीखालचा पाइप फुटल्यामुळे आदल्या दिवसापासून कोणाच्याही घरी पाणी नव्हते. माणसे लांबून बादल्या भरून आणत होती. निळ्या दाराच्या घरातल्या काकू तर घटकेघटकेला बाहेर येऊन विचारत, "झालं का हो? घरात तान्हं बाळ आहे." दाजी प्रत्येक वेळी म्हणत, "आज संध्याकाळच्या आत पाणी देतो, काकू."

दाजींनी नेहमीप्रमाणे माती पाहिली. वरची माती अस्सल चिकण होती. तिची वात त्यांच्या मनगटाभोवती गुंडाळता आली असती. "भिंत उभी राहील," ते म्हणाले. चराच्या भिंतींना आधार द्यायच्या फळ्या आणि टेकू गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर होते. पायऱ्यांमुळे गाडी आत येत नव्हती. त्या तिथेच राहिल्या.

पाइप खोल होता. चर दाजींच्या छातीच्या वर गेला. दाजी खाली मला चालवत होते आणि मेहुणा वरून घमेली ओढत होता. आणि मग माझा आवाज बदलला. इतका वेळ मी मातीत धप्प धप्प रुतत होते. आता टोक करकरत आत जाऊ लागले. चिकणमातीच्या थराखाली वाळूचा थर लागला होता. कधीतरी तिथून एखादा ओढा वाहत असावा.

मेहुण्यानेही तो आवाज ऐकला.

"दाजी, खाली वाळू लागली."

"दिसतंय मला."

"फळ्या घेऊन येतो. तुम्ही जरा वर या."

"अरे, ओली आहे. धरून राहील. फळ्या आणा, लावा, यात दुपार जाईल. तोवर मी पाइप जोडून मोकळा होतो."

"दाजी, ऐका ना. मी पळत जातो."

"माती तू मला शिकवणार?" दाजी हसत म्हणाले, पण त्या हसण्याला धार होती. मेहुण्याने पुढचे घमेले ओढले.

दाजींचे अर्धे बरोबर होते. तुम्ही ओल्या वाळूचे किल्ले केलेच असतील. ओल्या वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो, तो कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. पण वाळूचे कण मोठे. पाणी खाली निथळते, वारा लागतो, ऊन लागते आणि पकड सुटते. चिकणमाती सुकली की विटेसारखी होते. वाळू सुकली की पुन्हा नुसते दाणे. हे दाजींनी स्वतःच मेहुण्याला शिकवले होते.

ऊन चरात उतरले. आधी दोन-चार दाणे घरंगळले. मग एक बारीक धार लागली, पीठ चाळताना पडते तशी. दाजी पाइपवर वाकले होते, त्यांची पाठ भिंतीकडे होती. वाळू खालून सरकत गेली आणि वरचा चिकणमातीचा जाड थर बिनखांबाच्या छतासारखा अधांतरी राहिला. मेहुणा ओरडला, "दाजी, वर!" तेवढ्यात तो थर एकसंध कोसळला.

धूळ खाली बसली, तेव्हा दाजी छातीपर्यंत मातीत होते. तोंडातून आवाज निघत नव्हता. पाइप जोडायला वाकण्याआधी त्यांनी मला वर समोरच्या कडेला ठेवले होते. मेहुण्याने मला उचलले आणि वार करायला डोक्यावर नेले. मुकादम धावत आला.

"कुदळ नको! खाली त्यांचे पाय आहेत. कोणी आत उडी मारू नका, आधी फळ्या आणा! मग हातांनी माती काढा!"

मला बाजूला भिरकावण्यात आले. आयुष्यभर मी त्या माणसाच्या हातात होते आणि त्याला खरी गरज पडली, तेव्हा माझा स्पर्शही चालणार नव्हता. गल्लीतली माणसे धावली. पाण्याची वाट पाहणाऱ्या रिकाम्या बादल्यांमधून माती बाहेर जाऊ लागली. फळ्याही आल्या. चौघांनी डोक्यावर घेऊन त्या पळत आणल्या. त्यांना यायला फार वेळ लागला नाही, मित्रांनो. हेच मला अजून बोचते.

दाजी वाचले. पण त्यांचा डावा पाय पुन्हा कधी वाकला नाही आणि जड काम तर कायमचे सुटले.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांची खाट बाहेरच्या खोलीत टाकली. माझी रवानगी त्याच खोलीत दारामागे झाली होती. मेहुणा रोज येई, त्यांना उठवी, बसवी. त्याच्या बोटांची नखे अजून काळीनिळी होती. एके दिवशी ताईचा बांध फुटला.

"तू वर उभा होतास ना? वरून तुला भिंत दिसत नव्हती? एका शब्दानं थांबवता आलं नाही का रे त्यांना?"

मेहुण्याने खाटेकडे पाहिले. दाजींचे डोळे मिटलेले होते. ताईला वाटले, त्यांना झोप लागली आहे. पण मला दारामागून दिसत होते. चादरीवर त्यांचा अंगठा बोटांवर घासत होता, माती पाहताना घासायचा तसा. ते जागे होते.

मेहुणा दाराकडे वळला. मग म्हणाला, "चुकलं, ताई." चप्पल घातली आणि गेला. महिनाभरात त्याने खोदकाम सोडले. दूरच्या एका गावी गोदामात खोकी उचलायचे काम धरले. त्याचा निरोपही दुसऱ्याच्या तोंडून आला.

दाजींनी तोंडातून ब्र काढला नाही. का काढला नाही, याचा मी दारामागे उभी राहून खूप विचार केला. ते दुष्ट नव्हते. पण सगळे गाव ज्यांच्या बोटांवर विश्वास टाकत होते, त्यांना "मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही" एवढे म्हणणे जड गेले. पहिल्या दिवशी जे जड होते, ते पुढच्या दिवशी आणखी जड झाले. मग दिवस साचत गेले आणि ताईच्या मनातली अढीही घट्ट होत गेली. कोणी भावाची चौकशी केली, की ती म्हणे, "त्याचं नाव काढू नका."

मग एका दुपारी निळ्या दाराच्या काकू दाजींना पाहायला आल्या. कडेवर बाळ होते, आता चांगले गुटगुटीत. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्या ताईला सहज म्हणाल्या, "तुमचा भाऊ कुठे दिसत नाही तो? किती विनवत होता हो त्या दिवशी. फळ्या आणतो म्हणून, वर या म्हणून. मी दारातच उभी होते. हेच ऐकेनात."

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. काकू गेल्यावर तिने दाराला कडी घातली.

"अहो, खरं आहे हे?"

दाजी भिंतीकडे पाहत होते. "हो," ते म्हणाले.

"आणि मी त्याला बोलत होते, तेव्हा तुम्ही जागे होतात?"

"हो," दाजी पुन्हा भिंतीलाच म्हणाले.

ताईने आरडाओरडा केला नाही. तिने पिशवीत एक साडी टाकली, शेजारणीला दाजींच्या जेवणाचे सांगितले आणि ती थेट भावाच्या गावी गेली. तिथे ती काय बोलली, ते मला ठाऊक नाही. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. एवढेच म्हणाली, "येईन म्हणालाय."

तो आला. पण लगेच नाही, कितीतरी महिन्यांनी. खुर्ची ओढून खाटेपासून जरा लांब बसला.

"पाय कसा आहे?"

"थंडीत ठणकतो." दाजींनी हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"त्याचं मला काही नाही, दाजी. चूक कोणाचीही होते. माती कोणालाही फसवते." त्याने दाजींच्या पायाकडे पाहिले. "पण नंतर घरात, ताई मला बोलत होती तेव्हा तुम्ही..."

ताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला आत यावे की नाही, ते कळेना.

"मुकादम विचारत होता तुला," दाजी म्हणाले. "परत ये. ही कुदळ तूच घे."

मेहुण्याने दारामागे येऊन माझ्या दांड्याला हात लावला. तो हात माझ्या ओळखीचा होता, पण आता मऊ झाला होता. त्याने मला उचलले नाही.

"नको दाजी. तिकडं बरं आहे. खोकं उचलायचं, खोकं ठेवायचं."

तो संध्याकाळच्या बसने गेला. आताही वर्षातून एकदा येतो. ताईसाठी काहीबाही आणतो, दाजींच्या पायाची विचारपूस करतो. सगळे नीट बोलतात. अगदी पाहुण्यांशी बोलावे तसे नीट.

मला नंतर शेडमध्ये ठेवले. ताई कधीतरी गुलाबाच्या आळ्यासाठी वीतभर खणते आणि मला धुऊन जागेवर ठेवते.

मित्रांनो, खेळताना वाळूच्या खोल खड्ड्यात उतरू नका. वरची माती कितीही घट्ट दिसली, तरी खाली काय आहे ते वरून दिसत नाही. अवजारे वापरून झाली की धुऊन, पुसून ठेवा, म्हणजे ती गंजत नाहीत. एवढे तर कोणतीही कुदळ तुम्हाला सांगेल. पण माझे आणखी एक मागणे आहे. तुम्हाला कोणी "थांब" म्हटले आणि तुम्ही ऐकले नाही, तर पुढे त्याला बोल लागत असताना डोळे मिटून पडू नका. त्याच वेळी, सगळ्यांसमोर सांगा, की याने मला सांगितले होते.