ताटलीतला जास्तीचा तुकडा

वाशीला केळी टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून पाण्याची फटफटी गावात आली, तेव्हा तिला बघायला सगळं गाव लोटलं. सुगंधा अक्कांनी तिच्या नाकाडावर कुंकू लावलं. पोरांनी वर बसून इतके फोटो काढले की सीटवरची धूळ आपोआप पुसली गेली.

मागच्या वर्षी गणपती विसर्जनाला तापीत एक जण गेला होता. कमरेएवढ्या पाण्यातले पोहणारे दोर घेऊन धारेत पोचेपर्यंत उशीर झाला होता. म्हणून गावातल्या पोहणाऱ्यांच्या पथकाने वर्गणी काढून ही जेट-स्की आणली. वापरलेली, कुणीतरी समुद्रात मनसोक्त दामटलेली.

पथकाचा म्होरक्या कुंदन. त्याने मशीन सरळ आपल्या काकांच्या, लीलाधर यांच्या शेडमध्ये आणून लावलं.

"आबा, विसर्जनाले बारा दिवस आहेत. तेवढ्यात हिले पाण्यात उतरवून द्या."

घरीदारी सगळे लीलाधरना आबाच म्हणत, त्यांची मुलगी कामिनीसुद्धा. वरणगावच्या फॅक्टरीत तीस वर्षं फिटर होते. आता शेतातल्या मोटारी आणि पंप दुरुस्त करत. फॅक्टरीतून निवृत्त झाले, पण फॅक्टरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. उघडलेली प्रत्येक वस्तू ते जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत मांडत आणि मोजत. एक जिन्नस कमी नको, एक जास्त नको. हिशोब जुळल्याशिवाय झाकण बंद होत नसे, मग शेतकरी दारात बसून कितीही कुरकुरो.

आणि कामिनी म्हणजे त्यांचं शेंडेफळ, दहावीतलं. महिन्यापूर्वी जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात ती माईकवर सात मिनिटं न अडखळता बोलली होती, दुसरा नंबर आला होता, आणि तेव्हापासून तिचं तोंड बंद होत नव्हतं. वर्गात मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आली होती. आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि मशीनचं पुस्तक इंग्रजीत, तेही मोबाईलवर. म्हणजे डोळा कामिनी आणि इंग्रजी पण कामिनी.

"ऐका आबा. या गोल डब्याला सुपरचार्जर म्हणतात. आत पंखा आहे. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ही एवढी पळते. शंभर तास चालली की हा उघडायचा आणि आतल्या चकत्या बदलायच्या."

"मग ही किती चालली?"

"काट्यावर दोनशे बारा."

"आणि उघडला कितींदा?"

कामिनीने बोल्ट दाखवले. एकावरही पाना लागल्याची खूण नव्हती. आबा नुसते हुं म्हणाले.

आधी इंजिनातलं जुनं तेल काढलं. तेवढ्यात शेजारच्या सुगंधा अक्का डबा घेऊन हजर. गोठ्याच्या लाकडी मेढींना वाळवी लागली होती, आणि वाळवीला जळक्या तेलासारखा उपाय नाही हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक.

"काय व पोरी, देतं का मले थोडंसं? तुह्या बापाले इचारू नको, तो गाळत बसीन संध्याकाळपर्यंत."

आबा आत पाना शोधत होते. कामिनी उत्साहात होती, तिने सगळंच ओतून दिलं.

मग सुपरचार्जर उघडला. दोन चकत्या होत्या, चिनी मातीसारख्या कडक पदार्थाच्या. एक अख्खी होती, दुसरीचा चुरा झालेला. आबांनी चिमट्याने एकेक तुकडा उचलला, रॉकेलमध्ये बुडवला आणि ताटलीत मांडला. फुटलेली बांगडी जोडावी तशी ती चकती जोडत गेली. सात तुकडे. आठव्याची जागा रिकामी राहिली, ज्वारीच्या दाण्याएवढी.

"पुस्तक काय म्हणतं?"

कामिनीने वाचलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "तुटलेला प्रत्येक तुकडा सापडला पाहिजे. नाहीतर पूर्ण इंजिन उघडून साफ करायचं. तुकडा तेलाच्या पंपात गेला तर इंजिन जाम होतं."

"तेलाची जाळी पाहू."

जाळी रिकामी.

"काढलेलं तेल कुठी आहे?"

कामिनीने सांगितलं. आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे फार वेळा वाटलं. ते म्हणाले, "जा, पाहून ये. नाही सापडला तर इंजिन उतरवावं लागीन. पंधरा दिवस जातीन. कुंदनले सांगू, यंदा दोरच धरा म्हणून."

अक्कांचा गोठा काळाकुळकुळीत झाला होता. अकरा मेढी, दाराची चौकट आणि गव्हाणसुद्धा. डबा घासून उन्हात पालथा घातलेला. कामिनीने प्रत्येक मेढीवरून हात फिरवला. बोटात लाकडाची कूस शिरली, नखं काळी झाली, तुकडा काही सापडला नाही.

परत येताना तिने मनातल्या मनात गणित मांडलं. सात तुकडे सुपरचार्जरमध्येच होते. आठवा खाली उतरला असेल तर तेलाबरोबर बाहेर आला असणार. नव्वद टक्के. नव्वद तर नक्कीच. आणि पंधरा दिवसांनी मशीन चालून काय उपयोग? शाळेत परिपाठाला तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, विसर्जनाला आमची मशीन पाण्यात असणार. चौकात आतापासूनच म्हणत होते, लीलाधर पंप करतो ते ठीक, विमान कुठं करायला घेतलं.

शेडच्या मागे फ्यूजचं जुनं किटकॅट पडलं होतं, तार अडकवायचा चिनी मातीचा ठोकळा. तिने त्यावर हातोडी मारली, एक कपची निवडली, दगडावर घासून बारीक केली आणि जळक्या तेलात बुडवली.

"आबा, सापडला. चौकटीच्या कोपऱ्यात चिकटला होता."

आबांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. मग ताटलीत रिकाम्या जागी ठेवला. थोडा हलत होता.

"कडा झिजली दिसते," ते म्हणाले. मग तिच्याकडे पाहून हसले. "आपल्याले तर दिसलाच नसता व बापा."

चार दिवसांनी पुण्याहून लोखंडी चकत्या आल्या. बापलेकीने त्या बसवल्या, नवीन तेल भरलं, मशीन पाण्यात घातलं. कुंदनने तीन फेऱ्या मारल्या. काठावरून टाळ्या पडल्या, आणि कामिनीने त्या सगळ्या स्वतःच्या म्हणून घेतल्या.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी नदी भरून चालली होती. दरवर्षी कमरेएवढ्या पाण्यात दहा-बारा पोहणारे दोर धरून रांगेने उभे राहत. यंदा कोणी उभं राहिलं नाही. "मशीन आहे ना," म्हणत सगळे काठावर फोटो काढत होते.

प्रेमराज एकवीस वर्षांचा, तोताराम नानांचा एकुलता एक. मंडळाचा गणपती डोक्यावर घेऊन पुढे गेला, मूर्ती सोडली, आणि वळताना त्याचा पाय खोलात गेला. हात दिसला, डोकं दिसलं, मग धार त्याला मधोमध घेऊन गेली.

कुंदन तोपर्यंत निघालाही होता. वेगाची कळ पूर्ण दाबलेली, मागे पाण्याचा पांढरा पट्टा. कामिनी दगडावर चढून बघत होती. अंतर झपाट्याने कमी होत होतं. मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला आणि एकदम काही आवाजच उरला नाही. मशीन आडवं झालं आणि प्रवाहाबरोबर वाहायला लागलं. कुंदनने उडी टाकली. काठावरची माणसं दोर शोधायला धावली. दोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खुर्च्यांच्या खाली होते.

कुंदन तासाभराने खालच्या गावाच्या काठाला लागला, एकटा. प्रेमराज तिसऱ्या दिवशी सापडला.

गावात जे बोलायचं ते बोललं गेलं. पंपवाल्याच्या हाती कुणी दिली? डोळ्याने धड दिसत नाही त्या माणसाला. आबा ऐकून घेत होते. मशीन ओढून आणलं होतं, त्यांनी शेडचं दार लावून घेतलं आणि इंजिन उतरवलं. या वेळी कामिनीला हाक मारली नाही. ती आपणच जाऊन मागे उभी राहिली.

तेलाच्या पंपाचे दाते एकमेकांत रुतले होते. आबांनी चिमटा घातला. बाहेर आलेला तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा होता.

त्यांनी तो धुतला. फळीवरून ताटली उतरवली. जुळवलेली चकती अजून तशीच होती, आठही जागा भरलेल्या. हा नववा होता. मग एकेका तुकड्याला बोट लावून पाहिलं. जो हलत होता तो उचलला आणि त्या जागी नवा ठेवला. तो गच्च बसला.

हातात उरलेली कपची त्यांनी अंगठ्याने पुसली. तेल गेलं, पांढरी चिनी माती दिसली.

"फ्यूजची आहे," कामिनी म्हणाली. "मी घासली."



बाहेर कडी वाजली. तोताराम नाना होते, डोक्याचं मुंडण केलेले, आणि त्यांच्यासोबत कुंदन.

"लीलाधरभाऊ," नाना दाराबाहेरूनच म्हणाले, "भांडाले नाही आलो. काय झालं होतं तेवढं सांगा. घरात त्याची माय इचारते, मले काही सांगता येत नाही."

आबा उठले. कपची त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. "नाना, माह्या डोळ्याने..." असं बोलायला लागले, आणि कामिनीला कळलं की ते पुढे काय बोलणार आहेत. सगळं गाव मान डोलावणार होतं, आणि आबांच्या शेडमध्ये पुन्हा कुणी साधा पंपही आणणार नव्हतं.

तिने आबांच्या खिशात हात घातला. आबांनी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि मग सोडून दिलं.

कपची ताटलीत चकतीच्या बाजूला ठेवून ती बाहेर आली. ओट्यावर नानांसमोर तिने ताटली टेकवली.

"नाना, मोजा," ती म्हणाली. "यात एक तुकडा जास्त आहे. तो मी घातला."

नाना खाली बसले. त्यांनी खरोखरच बोट टेकवून मोजायला सुरुवात केली.