दोन चिरांमधलं अंतर

जयवंतने पोलादी फूटपट्टी दाराच्या चौकटीला टेकवली आणि दोन चिरांमधलं अंतर पुन्हा मोजलं. तीन इंच, एक सूत. पट्टी उलटी धरून मोजलं. तेवढंच.

वरची चीर त्याची, खालची लवूची. दर पाडव्याला बाप दोघा भावांना चौकटीशी उभं करी, डोक्यावर पुस्तक ठेवी आणि चाकूने खूण करी. छप्पन्नच्या जानेवारीत रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा सुरू झाल्या, तेव्हा पंधरा वर्षांचा लवू बघायला म्हणून डिलाईल रोडच्या या चाळीच्या गॅलरीत गेला आणि पोलिसांची गोळी लागून तिथेच पडला. त्याच वर्षी बापाने छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. आता खोलीत जयवंत आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात जाणारी त्याची आई राधाबाई, एवढीच माणसं.

लवूच्या तेराव्याला जयवंतने हे अंतर मोजून वहीत लिहिलं होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेव्हा ते साडेचार इंच होतं.

आई लवूची चीर वर पाडत असेल, असं त्याला आधी वाटलं. जुनी चीर तिने मेण भरून बुजवली असेल. त्याने नखाने लाकूड खरवडून पाहिलं. मेण नव्हतं. साडेचार इंचांवरचा जुना रंग अखंड होता, कधी चाकू लागलाच नसावा तसा.

एम.एस्सी. करताना त्याने गुरुत्वलहरींचा विषय आपणहून घेतला होता. अभ्यासक्रमात तो नव्हता. रेगे सर दर गुरुवारी दुपारी माटुंग्याच्या आपल्या घरी त्याला शिकवत. त्या गुरुवारी सरांनी पाटीवर ठिपक्यांचं वर्तुळ काढलं, मग ते बोटाने पुसून उभट केलं, मग आडवं.

"लाट गेली की असं होतं. पण आधी ती खरी आहे का, ते ठरव. जगात अजून त्यावरच भांडण चाललंय. नुसती आपण मोजायला आखलेली आकड्यांची जाळी हलली तरी कागदावर लाट दिसते."

"मग ठरवायचं कसं, सर?"

"एका कणाकडे बघून काही कळत नाही. शेजारी दुसरा घे. दोघांमधलं अंतर बदललं, तर काहीतरी खरंच गेलं तिथून."

जयवंतने पाटीवरच्या शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांवर बोटं ठेवली.

"आणि फूटपट्टीही ताणली गेली तर?"

"फूटपट्टीचे अणू एकमेकांना धरून असतात. कण मोकळे असतात. त्यांना कुणी धरलेलं नसतं." सरांनी हात झटकले. "पण तू मोजायला जाऊ नकोस. तो बदल अणूच्या गाभ्याहूनही लहान. आपल्या हयातीत दिसायचा नाही."

जयवंतने मान हलवली. वहीत त्याने काहीच उतरवून घेतलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका दिवशी हरताळ होता. सगळ्या गिरण्या बंद. एरवी गिरणीतल्या साच्यांच्या घरघरीने चाळीच्या भिंती सतत थरथरत. आज हात ठेवला तर भिंत नुसती गार लागत होती. दुपारी आई शेजारी गेलेली पाहून जयवंतने पट्टी काढली.

तीन इंच. वर एक सूतही नाही.

"मोजतंस?"

आई उंबऱ्याबाहेर उभी होती. तो पट्टी लपवायला गेला आणि थांबला.

"आये, खरं सांग. ही चीर तू वर नेतेस?"

राधाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग चौकटीकडे.

"माका वाटला, तूच करतंस," ती म्हणाली. "म्हणान मी गप रवलंय. म्हटलं, पोराक बरा वाटता ना, करूंदे."

खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. जयवंत दारातून हलला नाही. आईही आत आली नाही. चौकट दोघांच्या मध्ये होती.

"मी नाही केलं, आये."

"मीय नाय."

आईने पदर खोचला आणि चौकटीला अंग न लावता ती जपून आत आली.

"लवू केदो झालो?"

जयवंतने पट्टी पुढे केली. "आता तीनच इंच कमी आहे. माझ्यापेक्षा."

राधाबाईने ट्रंक उघडली. तळातून लवूची पँट काढली. शेवटच्या दिवाळीला शिवलेली, वाढत्या अंगाची म्हणून तळाशी जास्तीची दुमड ठेवलेली. ती उजेडाकडे तोंड करून बसली आणि ब्लेडने शिवण उसवू लागली.

"दोन बोटां सोडूक व्हयी," ती म्हणाली. "ती बाजू धर."

जयवंत तिच्यासमोर बसला आणि त्याने पँटचा दुसरा पाय ताणून धरला. दुमडीच्या आतलं कापड गडद होतं, अजून एकदाही ऊन न लागलेलं.