मोरपंखी सायकलीचा काळा सदरा

मित्रांनो, तुम्ही कधी कोणाला तीन वर्षं मिठी मारून बसलात का? आणि तेही तिचं तोंड एकदाही न पाहता? मी बसलोय! एका सायकलीला! आज सगळं सांगूनच टाकतो. फक्त मधे कोणी बोलू नका, नाहीतर मी कुठे होतो तेच विसरतो.

मी म्हणजे रेडियमचा जुना काळा कागद. कागद नुसता म्हणायला, खरं तर चिकटणारं प्लॅस्टिक. नागभीडच्या बसस्टँडजवळ बिरजूभाऊचं दुकान होतं. तिथे मी गुंडाळी होऊन फळीवर उभा असायचो. माझे कितीतरी भाऊबंद कापले जाऊन ट्रकवर गेले. कोणी नंबर झाले, कोणी 'आईचा आशीर्वाद' झाले. बांबूच्या ट्रकवर बसून बल्लारपूरची पेपर मिल पाहून आले! मलाही वाटायचं, आपणही एखादं अक्षर व्हावं. निदान 'हॉर्न'मधला 'हॉ' तरी.

आणि एका दुपारी दुकानासमोर ती आली. नवीकोरी लेडीज सायकल. मोरपंखी! काय सांगू मित्रांनो, ऊन पडलं की निळी, सावलीत गेली की हिरवी. तलावावर खंड्या पक्षी सूर मारतो ना, तेव्हा त्याच्या पाठीवर जो रंग चमकतो, अगदी तो. मी फळीवरून पाहतच राहिलो.

सायकल धरून गोविंदा उभा होता. गोविंदा म्हणजे तलावाकाठच्या गावातला मासे धरणारा माणूस. मासे विकूनच आला होता. हात अजून ओले, अंगाला माशांचा वास. सोबत त्याची मुलगी आचल, पाचवीतली.

"बिरजूभाऊ, हिले पूर्ण झाकून द्या. बोटभर रंग दिसला नाई पाहिजे."

बिरजूभाऊ हसायलाच लागला. "अरे, लोक माझ्याकडं सायकल सजवाले येतात. तू बुजवाले आला काय? आन् लेडीज काऊन घेतली बे?"

"पोरीची आहे. आठवीत गेल्यावर देणार."

"मंग आठवीत घे ना!"

"मले आज लागते. मासे काय डोक्यावर नेऊ?"

मग कळलं सगळं. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर नागभीडला यावं लागे, आणि गावातल्या मुली सातवीनंतर घरीच राहायच्या. आचलला राहायचं नव्हतं. बाबांनी तिला नवी सायकल कबूल केली होती. पण बाबांनाही सायकल हवी होती, आणि दोन घेणं जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी शक्कल काढली. सायकल एकच घ्यायची, रंगही आचलने निवडायचा. आठवीपर्यंत बाबा चालवतील आणि मग तिला देतील, नवीच्या नवी!

आचल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जुनी देशीन तर मी नाई जाणार शाळेत. आत्ताच सांगून राह्यली."

"नाई देत जुनी, माय माझी," गोविंदा म्हणाला.

आणि बिरजूभाऊने फळीवरून मला उचललं. मला! माझ्या अंगावर काटाच आला. अक्षर नाही झालो, पण कोणाचा तरी सदरा होणार होतो.

बिरजूभाऊ गमतीत बोलायचा, पण हात फार जपून चालवायचा. आधी साबणाच्या पाण्याने सायकल पुसली, मग सुकवली. मला उन्हात मऊ केलं. एकेक दांडा मापून कापलं. जोड खालच्या बाजूला घेतला, म्हणजे वरून पाणी पडलं तरी आत शिरू नये. मग जुन्या फणीच्या पाठीने दाबत दाबत सगळी हवा बाहेर काढली. बुडबुडा म्हणून राहिला नाही. हँडलखालचा दांडा तेवढा उरला होता. गोविंदाला धीर कुठला! "मी धरतो, मी धरतो," म्हणत त्याने हात लावला, आणि त्याच्या मनगटावरचं रोहूचं एक खवलं टपकन दांड्यावर पडलं. वरून मी बसलो!

बिरजूभाऊची फणी तिथे अडली. "हे काय आहे बे?"

गोविंदाने मनगट पाहिलं. "खवलं."

"आता उचकलं तर रेडियम फाटते. आन् एवढा लांब तुकडा उरला नाई माझ्याकडं. पण इथी फट राहिली गोविंदा. इथून ओल शिरली तर गंज पकडते."

आचलने त्या फुगवट्यावर बोट फिरवलं. मसुराच्या डाळीएवढा होता. मग बाबांच्या मनगटाकडे रागाने पाहिलं.

मित्रांनो, तेव्हापासून माझं तोंड बाहेर आणि पाठ तिच्याकडे. पाठीला तो गुळगुळीत रंग लागायचा, दिसायचा मात्र नाही. काय काय सोसलं म्हणून सांगू! जाळ्याला शिशाचे मणी असतात, ते रोज माझ्यावर घासायचे. माशांच्या डब्यातून बर्फाचं पाणी गळायचं. शेताच्या धुऱ्यावरचा चिखल, रानातले बाभळीचे काटे, सगळं माझ्यावर! एकेक ओरखडा पडला की मी पाठीकडे कान द्यायचो. तिला लागलं का? नाही ना? मग ठीक.

आणि लोक काय हसायचे! लटारूभाऊ गोविंदासोबतच जाळं टाकायचा. तो रोज तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून वाटच पाहायचा.

"काऊन गोविंदा, वहिनीची सायकल घेऊन आला काय? आन् इले काळा सदरा काऊन घातला? दृष्ट लागते काय?"

"सायकल आचलची आहे, भाऊ. मी तिचा डायवर आहे."

"डायवर! मंग पगार किती देते मालकीण?"

"रोज घरी गेलो का तपासते. ओरखडा नाई दिसला तर जेवाले देते."

खरंच तपासायची! आचल अंगणात उकिडवी बसायची आणि त्या फुगवट्याला बोट लावायची. एकदा नखाने माझी कड उचलायला गेली, तर तिची आई, शकुबाई, घरातून ओरडली, "हात काढ! उचकलं तर आत पाणी जाईन!"

"पण आई, आत गंज धरला असन तर?"

शकुबाई बाहेर आली. लुगड्याच्या पदराने तिने ती जागा कोरडी पुसली. त्या दिवसापासून रोज पुसायची. पावसाळ्यात तर दिवसातून कितीदा तरी!

आचल सहावीत गेली, सातवीत गेली. मीही म्हातारा झालो. उन्हाने कडक पडलो, काळ्याचा राखाडी झालो. मग ती सातवी पास झाली आणि शाळा उघडायच्या आधी गोविंदाने सायकल अंगणात आणली. शकुबाई आली. लटारूभाऊही आला, "बघू तं खरं मालकिणीची गाडी," म्हणत. बिरजूभाऊने सांगून ठेवलं होतं की थंड असताना ओढू नका, रंग सोबत येईल. म्हणून सायकल उन्हात ठेवली. मी गरम झालो, मऊ झालो. मित्रांनो, तेव्हा मी स्वतःलाच एकच म्हणत होतो, सोड रे, सोड तिला. इतकी वर्षं घट्ट धर म्हणून शिकलो आणि आता सोडायचं! सोडणं जास्त कठीण असतं, खरंच.

गोविंदाने माझी कड धरली आणि हळूहळू मला मागे दुमडत नेलं. मी उलटा झालो. आणि तीन वर्षांनी मला ती दिसली!

मोरपंखी! तशीच! जाळ्याचा ओरखडा नाही, काट्याची रेघ नाही. उन्हात निळी, गोविंदाच्या सावलीत हिरवी. लटारूभाऊने वाकून दांड्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "अबे, ही तं दुकानातलीच आहे!"

शेवटी हँडलखालचा दांडा राहिला. गोविंदाचा हात थांबला.

"काढ बाबा," आचल म्हणाली.

त्याने काढला. खवलं तिथेच चिकटलेलं होतं, आणि त्याच्याभोवती गंजाचं बारीक, तपकिरी कडं होतं. बाकी सायकल लखलख करत होती आणि सगळ्यांचे डोळे तेवढ्या जागेवर.

गोविंदा खाली बसला. "एवढं राहून गेलं, माय. माझ्याच हातानं झालं."

आचल वाकून पाहत राहिली. माझा तर जीवच टांगलेला, आता म्हणते की जुनी झाली. ती उठली, घरात पळाली आणि जत्रेतून आणलेली लाल नेलपालिशची बाटली घेऊन आली. त्या कड्यावर तिने गोल गोल लावलं. मधे चांदीसारखं खवलं, भोवती लाल.

"दुकानातल्या सायकलीले टिकली राहते काय? माझी तं नवीपेक्षाई भारी आहे. आन् आता तिथी ओल नाई जात."

लटारूभाऊ म्हणाला, "गोविंदा, डायवरकी गेली तुझी!" सगळे हसले. गोविंदा हसता हसता डोळे पुसत होता.

आणि मी? मला चुरगाळून कुंपणावर टाकलं. तिथे पडून पडून वाटलं, संपलं आपलं. पण थांबा, संपलं नाही!

शाळेचा पहिला दिवस. आचल नवा ड्रेस घालून सायकलवर निघाली. गोविंदा मासे घेऊन पायीच निघाला होता, डबा डोक्यावर. तिने ब्रेक दाबला.

"बाबा, डबा मागं ठेव ना."

"नोको, नोको! डबा घासते, रंग जाईन!"

आचल सायकल उभी करून कुंपणाकडे आली. तिने मला उचललं, झटकलं, चार घड्या घातल्या आणि कॅरियरवर अंथरलं. माझ्यावर डबा ठेवला, दोरीने बांधला.

"आता जाते काय रंग?" ती म्हणाली. "चाल. आज डायवर मी आहे."

ती हळूहळू चालवत होती आणि गोविंदा सोबत चालत होता, एक हात डब्यावर ठेवून. उशीर होत होता, पण कोणालाच घाई नव्हती.

तर मित्रांनो, मी अजून त्या कॅरियरवर आहे. फाटका, माशांच्या वासाचा, चिकटपणा सगळा गेलेला. तुमच्याकडे काही नवं आलं तर कपाटात कोंडू नका. वापरा, पुसा, जपा. एखादा डाग पडलाच तर रडत बसू नका, नेलपालिश शोधा. आणि ज्याने तुमच्या वस्तूसाठी आपल्या अंगावर ओरखडे घेतले, त्याला कुंपणावर टाकण्याआधी एकदा उलटा करून पाहा. त्याच्या पाठीला अजून थोडा मोरपंखी रंग लागलेला असेल.