छातीचं औषध पोटात

“आता ही कॅप्सूल घरी जशी घेता तशीच मले घेऊन दाखवा, जानरावकाका.”

“पाणी दे मंग.”

“पाणी कायले?”

“गिळाले! कोरडी कशी उतरन?”

भावनाचा हात थांबला. बाळापुरातलं हे औषधाचं दुकान तिचं. नव्या गिऱ्हाइकाने औषध घेऊन दाखवल्याशिवाय ती पिशवी बांधत नसे.

“किती दिवस गिळून राह्यले?”

“महिना. दोन टाइम. एकबी चुकवली नाई!”

जानराव वांगी विकत. त्यांनी बाजारात आरोळी दिली, की तिकडे दूर पारस गावात बायका फोडणीचं तेल तापत ठेवत. खोटं वाटलं तर पारसला विचारा. पण वर्षभरात दम्याने असं केलं, की ‘वां’ बाहेर येई आणि ‘गी’ छातीतच राही. पुढच्या बाजारी ते तिथली आपली जागा कायमची सोडणार होते.

“काका, ही कॅप्सूल गिळाची नसते. यंत्रात टाकून ओढाची असते. यंत्र कुठं हाये?”

“ते पांढरं? नातीनं शिट्टी केली. वाजत नाई म्हणून रुसली.”

“अकोल्याच्या दुकानात सांगतलं नाई?”

“पिशवी देल्ली. एवढा मोठा माणूस मी, गोळी कशी खाव हे इचारू?”

भावना हसली नाही. तिने नवं यंत्र काढलं, कॅप्सूल बसवून दिली. जानरावांनी जोर लावला आणि सगळी भुकटी तिच्या चष्म्यावर.

“फुकू नोका, ओढा!”

दुसऱ्या कॅप्सूलला जमलं. श्वास रोखून धरला, चूळ भरली.

जागा सुटली नाही. तीन बाजारांनंतर जानराव टोपलीभर वांगी घेऊन दुकानात आले. आभार कसे मानतात ते त्यांना ठाऊक नव्हतं; सगळी वांगी मात्र कोवळी निवडली होती.

समोर दम्याचं औषध न्यायला आलेली गंगूबाई उभी होती, मान खाली, मूठ घट्ट, यंत्र पुढ्यात तसंच. मागे चार-पाच माणसं.

“मावशी, घेऊन दाखवता ना?” भावना हळूच म्हणाली.

गंगूबाईने मूठ पदराआड केली.

जानरावांनी टोपली खाली ठेवली. जन्मात कधी हार कबूल न केलेला हा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गंगूबाई, म्या गिळल्या. साठ.”

“फेका नोका बाप्पा!”

“या पोरीले इचार.”

गंगूबाईने भावनाकडे पाहिलं. भावनाने होकाराची मान हलवली.

मग गंगूबाईने मूठ उघडली. कॅप्सूल घामाने तळहाताला चिकटली होती.