कुकरवाल्याच्या भोंग्यावरचं अर्धं गाणं

नांदेडात गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणायची म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायच्या. अंबिका त्या चार वर्षं भाजत होती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की भाकरी भाजायला आपली ना नाही, पण ते लष्कर कुठं उतरलंय ते तरी कुणी सांगावं.

ती रेणापूरच्या ईश्वरप्पा किराणावाल्यांची लेक. कॉलेजसाठी नांदेडला आली आणि इथलीच झाली. तिचं गाणं कंट्री-रॉक या जातीचं, म्हणजे रस्त्याचं, एसटीचं, शेताच्या बांधाचं, पण गिटारीवर आणि दणक्यात. पहिल्या पोस्टरवर तिनं मोठ्या हौसेनं 'कंट्री-रॉक' छापलं, तर तरोडा नाक्यावरचे दोन गृहस्थ संध्याकाळी येऊन पहिल्या रांगेत बसले आणि अर्ध्या तासानं नम्रपणे म्हणाले, "ताई, गाणं चांगलं हाय, पण कंट्री कवा वाटून राहिले?" आपल्याकडं कंट्री म्हणजे देशी दारू, हे पुस्तकं वाचून शहाणं झालेल्या माणसाला कुठून आठवायचं! पुढच्या पोस्टरवर तिनं 'गावरान गिटार' असं लिहिलं.

शहरात गाण्याला जागा तशी होती, पण दुसऱ्यांच्या गाण्याला. कॅफेत हिंदी म्हणायचं, हळदीत हिंदी म्हणायचं, कुणाच्या पोराच्या वाढदिवसाला तर कार्टूनचं म्हणायचं. कॅफेवाला माणूस भला. तो म्हणे, "तुमचं स्वतःचं शेवटी म्हणा की." शेवटी म्हणजे लोक बिल देऊन चपला घालत असताना. अंबिका तेही म्हणायची, आणि चपला घालता घालता एखादा थबकला तर तेवढ्यावर आठवडाभर खूष असायची. तिला रुसायला फारसं जमत नसे. घरमालकीण भर दुपारी ड्रम वाजवू देते, कॅफेवाला दोनदा चहा पाजतो, आणि कंधारचा रविकिरण मोबाइलचं दुकान सांभाळून आपल्यामागं ड्रम बडवायला येतो, एवढ्या माणसांचं आपण देणं लागतो, असं तिला मनापासून वाटे.

पोटापाण्यासाठी ती भोंग्याच्या जाहिराती म्हणायची. रिक्षावर भोंगा लावून जे फिरतात ना, साड्यांचा सेल, दातांचा दवाखाना, पाण्याचा जार, त्यांना बाईचा खणखणीत आवाज लागतो. त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे भुजंगमामा. मामाच्या रिक्षात पाठीमागं सगळं हत्यार असे. गल्लीत रिक्षा उभी करायची, भोंगा लावायचा आणि बायका कुकर, शेगड्या घेऊन आल्या की तिथंच फतकल मारून दुरुस्त करायचं. त्यांच्यासाठी अंबिकानं उन्हाळ्यात खोलीवर बसून मोबाइलमध्ये जाहिरात भरली होती: "कुकरची शिट्टी, गॅसची शेगडी, दारात दुरुस्त, आत्ता दुरुस्त!" भरली आणि पाठवून दिली. पुढं ती विसरूनही गेली.

दिवाळीनंतर पुण्याहून बोलावणं आलं. रिसॉर्टात आणि लग्नांत गाणारा मोठा बँड, नेहमीचं काम, राहायची सोय. अट एकच होती, हिंदी गायचं आणि स्वतःची गाणी घरी ठेवून यायचं. ईश्वरप्पा फोनवर म्हणाले, "जा की. एवढं गळा फाडून तिथं कोण ऐकून राहिलंय तुजं?" ते चिडून म्हणाले असते तर अंबिका भांडली असती. पण ते काळजीनं म्हणाले.

मग तिनं ठरवलं. एक संध्याकाळ फक्त आपल्या गाण्यांची करायची. ओळखीचे सोडून चार माणसं आली आणि शेवटपर्यंत बसली तर राहायचं. नाही आली तर सोमवारी सकाळी पुण्याला होकार कळवायचा आणि स्वतःची गाणी गुंडाळून ठेवायची. रविकिरणला तिनं हे सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ ड्रमची कातडी बोटांनी चाचपत राहिला.

बजरंगशेठनी आपलं मंगल कार्यालय फुकट दिलं. त्या रविवारी मुहूर्त नव्हता, आणि शेठ म्हणाले, "रिकामं ठिवण्यापरीस गाणं झालेलं बरं, वास्तूला बरं आसतंय." अंबिकानं ओळखीच्या सगळ्या भोंगेवाल्यांना कार्यक्रमाची दोन वाक्यं भरून पाठवली. भुजंगमामालाही पाठवली.

रविवारी पाच वाजता कार्यालयात माणसं होती सात. त्यांत बजरंगशेठ, घरमालकीण, कॅफेवाला आणि रविकिरणच्या दुकानातले तिघं. सातवा माणूस सावलीला येऊन झोपला होता. अंबिका स्टेजच्या पायरीवर गिटार मांडीवर घेऊन बसली आणि तारा जुळलेल्या असतानाही परत परत जुळवत राहिली.

साडेपाचला फाटकातून भुजंगमामाची रिक्षा आत आली. तिच्यामागं बायका आल्या. पाच-पंचवीस नव्हे, घोळकेच्या घोळके. कुणी सिडकोतल्या, कुणी श्रीनगरातल्या, कुणी इतवाऱ्यातल्या. काहींच्या काखेला पोरं, काहींचे नवरे मागं मागं, आणि दोघींच्या हातात तर खरोखरीचे कुकर होते, कारण मामा इथं आहे तर तेवढंही काम होऊन जाईल. खुर्च्या पुरल्या नाहीत. शेठनी पंगतीच्या सतरंज्या काढून दिल्या.

अंबिका स्टेजवर चढली. तिनं पहिलं गाणं म्हटलं, दुसरं म्हटलं. बायका शहाण्यासारख्या ऐकत होत्या, टाळ्याही वाजवत होत्या, पण लग्नात अक्षतांची वाट बघावी तशी त्यांची नजर होती. तिसऱ्या गाण्यानंतर एक बाई उभी राहिली. म्हणाली, "ताई, हे बी चांगलं हाय. पण ते कवा म्हणणार?"

"कोणतं?"

"फाट्याचं वो! कुकरवाल्याचं!"

अंबिकाला काही उमगेना. तेव्हा त्या बाईनं स्वतःच सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीला सगळं कार्यालय तिच्याबरोबर म्हणू लागलं:

"डायव्हरदादा, फाटा आला, गाडी थांबव जरा,
बाभळीच्या पल्याड दिसतो आमच्या घराचा पत्रा,
लई दिसांनी आले मी, हातात एक पिशवी,
दार उघडं आसंल का..."

आणि इथं पोरासोरांसकट सगळ्यांनी एका दमात ठोकून दिलं, "कुकरची शिट्टी, गॅसची शेगडी, दारात दुरुस्त, आत्ता दुरुस्त!"

हसून हसून रविकिरणच्या हातातली काठी पडली. अंबिका मात्र तशीच उभी होती. गाणं तिचंच होतं. उन्हाळ्यात जाहिरात भरून झाल्यावर मोबाइल चालूच राहिला होता, तिनं सहज गिटार ओढली होती आणि मनात घोळणारं एक अर्धवट कडवं म्हटलं होतं. पुढं सुचलं नाही म्हणून थांबली होती. ते तसंच्या तसं जाहिरातीला चिकटून मामाकडं गेलं होतं, आणि भोंग्यावर ते तुटलं की जाहिरात पुन्हा पहिल्यापासून लागत होती.

"मामा, हे तुम्ही रोज वाजवून राहिलात?"

"हाव. सहा महिनं झाले," भुजंगमामा मागून ओरडले. "मला वाटलं तुमी मुद्दाम अर्धं ठिवलं, गिऱ्हाईक थांबावं म्हणून. आन् थांबत्यात की वो! कुकर दुरुस्त झाला तरी बाया हलत न्हाईत. रोज इचारत्यात, पुढं काय झालं, दार उघडं होतं का न्हाई. मी म्हणलं, मला काय ठाव, आइतवारी हॉलात या, ताई पुरं म्हणणार हायत."

पुरं म्हणणार होती! पुरं झालं असतं तर म्हटलं असतं. भर सभेत थाप मारावी, दुसऱ्याच गाण्याचं शेपूट जोडून द्यावं, असं तिच्या एकदा मनात येऊन गेलं. मग तिनं समोर पाहिलं. सतरंजीवर बसलेल्या बायका माना वर करून वाट बघत होत्या. सहा महिने ज्यांनी आपलं गाणं शिजत्या भातासारखं जपलं, त्यांना फसवायची तिची छाती झाली नाही.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "पुढचं मला आलंच नाही. ते तेवढंच आहे."

कार्यालयात कुजबुज झाली. अंबिकाला वाटलं, आता उठतील. तर मघाचीच बाई म्हणाली, "आगं माय! तुला बी म्हाईत न्हाई व्हय?" आणि तिच्या शेजारणीनं लगेच सांगून टाकलं, "उघडंच आसंल. माजं माहेर कंधारकडं हाय. मी जायच्या दिशी माय सकाळपून दार लावत न्हाई." दुसरी म्हणाली, "आमच्याकडं भावजय हाय, ती आडून बगती आन् मग उघडती." तिच्यावर हशा पिकला. एकेक जण सांगू लागली. कुणाच्या फाट्यावर आता उड्डाणपूल झाला होता आणि गाडी वरून निघून जायची, कुणाच्या फाट्यावर नुसतं वडाचं झाड होतं. अंबिकानं ते गाणं लिहिलं होतं स्वतःवर, गिटार घेऊन घराबाहेर पडलेल्या पोरीवर. या बायकांनी ते कधीच आपापल्या माहेराला नेऊन पोचवलं होतं. ती ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

पुढच्या सतरंजीवर केवळाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर कुकर होता. सगळ्या बोलून दमल्यावर ती म्हणाली, "दार उघडं न्हाई बाई."

बायका तिच्याकडं वळल्या.

"माय गेली. भावानं घर इकलं. लेक किनवटात दिली हाय, तिच्याकडं जाताना माजा फाटा वाटंत लागतोय. आधी लई रडू यायचं. आता डायव्हरला म्हणते, बाबा, थांबू नको, मला उतरायचं न्हाई. नुसती जरा हळू घे." आणि तिनं पदरानं कुकरचं झाकण पुसलं. "चांगला आसला तर घेतो बी हळू."

अंबिकानं गिटार उचलली. विचार करायला ती थांबली नाही. पहिलं कडवं सगळ्यांनी मिळून म्हटलं, पण या वेळी दाराशी आल्यावर जाहिरात कुणी म्हटली नाही. तिथून पुढं ती एकटीच गेली:

"डायव्हरदादा, फाटा आला, थांबू नको तू आता,
दारामधी माय न्हाई, हळू घे जाता-जाता."

दुसऱ्यांदा म्हणताना रविकिरणनं ड्रम हळू केला, आणि तिसऱ्यांदा बायकांनी ओळ उचलली. भुजंगमामा रिक्षाला टेकून उभे होते, ते खाली बघायला लागले. झोपलेला सातवा माणूसही उठून बसला होता. गाणं किती वेळ चाललं ते कुणाला सांगता येणार नाही. संपलं तेव्हा टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी सगळ्यांनी नाकं पुसली.

पुढं तिनं राहिलेली सगळी गाणी म्हटली. आता मात्र बायका अक्षतांची वाट बघत नव्हत्या. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही, आणि उठले ते शेठच्या चहासाठी. रविकिरण ड्रम सोडवता सोडवता म्हणाला, "पुण्याला कोण कळवणार, तू का मी?"

"तू कळव. म्हणावं, येत नाही. आणि नीट बोल, त्यांनी आपुलकीनं बोलावलं होतं."

दुरुस्त कुकर घेऊन केवळाबाई निघाली होती. अंबिका तिच्या पाया पडली. म्हातारीनं तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि विचारलं, "तुजं गाव कोणतं गं?"

"रेणापूर."

"माय-बाप हायत?"

"हाव, मावशी. दोघंबी हायत."

"मंग तू थांबीव बाई गाडी," केवळाबाई म्हणाली. "तुजी थांबती अजून."

ती फाटकाबाहेर गेली तरी अंबिका तिथंच उभी होती. आज किती जणांनी आपल्याला किती दिलं याचा हिशेब तिला लागेना. मग तिनं फोन काढला. ईश्वरप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला. हातात धरूनच बसले असावेत.

"अप्पा, लोक आले होते. मी पुण्याला नाही जात."

"बरं," ते म्हणाले.

"उद्या घरी येते. दोन दिवस राहते."

"कवाच्या गाडीनं?"

"दुपारच्या. तुम्ही फाट्यावर येऊ नका, ऊन असतंय. मी येते चालत."

"येतो की," ईश्वरप्पा म्हणाले. "गिटारीची पेटी जड आसती. तू आणणार हाईस ना ती?"