बाजूच्या सीटवर कोण बसते

"बाजूच्या सीटवर कोण बसते?" नितेशने विचारले.

शिवम नावाचा तो मुलगा शेंदूरजनाघाटहून आला होता. वडिलांचा संत्र्यांचा व्यापार, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली नवी गाडी, आणि तिची ताकद त्याला वाढवून हवी होती. हा प्रश्न त्याला समजला नाही.

"कोनी बी बसते. कधी आई बसते."

"आई बसते तं पहिली पायरी. त्याच्या वर नाही. अन् थे बी दहा हजार झाल्यावर. आता ने वापस, खुलू दे गाडीले."

पुण्यात हे काम त्याच दिवशी करून देतात, असे शिवम कुरकुरला. नितेशने हात पुसता पुसता हायवेकडे मान केली. "मंग पुन्यालेच जा न बापा. रस्ता चांगला झाला आता."

मी नितेशच्या गॅरेजच्या समोरच राहतो. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून सकाळचा पेपर नितेशकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाचायची सवय लागली. मला गाडी चालवता येत नाही, तरी तिथे माझे एक काम होते. इंजिनावर ताबा ठेवणारा जो छोटा संगणक गाडीत असतो, त्यातले आकडे बदलून नितेश ताकद वाढवायचा, तीन पायऱ्यांत, पहिली सगळ्यांत सौम्य. त्या कामाच्या यंत्रासोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आले होते. आकडे त्याला कळत, लांब वाक्यांवर तो अडायचा. मोबाइलने केलेले भाषांतर त्याने एकदा मला दाखवले. त्यात 'गाडीचा नकाशा पुन्हा काढा व तिला भरवा' असे काहीतरी होते. "पाहा सर, आता हिले जेवू घालाव लागते," असे तो गंभीरपणे म्हणाला होता. तेव्हापासून वाक्ये माझ्याकडे आली.

गाडी खुलणे हा सगळ्या गॅरेजवाल्यांचा शब्द. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून सरावतात, आवाज मोकळा होतो, मग गाडी खुलली म्हणायचे. ती किती किलोमीटरवर खुलते याबद्दल मात्र ज्याचे त्याचे मत. नितेश ज्यांच्या हाताखाली शिकला त्या अकोल्याच्या उस्तादांनी दहा हजार सांगितले होते. बारा वर्षांत नितेशने तो आकडा कधी मोडला नाही. दहा हजारांच्या आत तो गाडीला हात लावत नसे, आणि नंतरही किती वाढवायचे ते बाजूच्या सीटवरून ठरवायचा. कोणी म्हणाले मी एकटाच फिरतो, तरच तो दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे नाव काढी.

गेल्या दसऱ्याला त्याने स्वतःची पहिली नवी गाडी घेतली. सीमाने, त्याच्या बायकोने, चाकाखाली लिंबू ठेवले, बॉनेटवर स्वस्तिक काढले आणि मला पेढा देताना सांगितले, "सर, आता याच्यावर लक्ष ठेवा. यानं मले वचन देलं हाये."

वचन चिखलदऱ्याचे होते. लग्नानंतर दोघे मोटरसायकलवर तिथे गेले होते. घाटात मोटरसायकल दम टाकून थांबली, आणि नवी नवरी उरलेला चढ मागून ढकलत चालत गेली. पंधरा वर्षे ती हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आली होती. आता नितेश गाडी तयार करणार होता, आणि पूर्ण घाट एका दमात, कुठेही न रेंगाळता, तिला वर नेणार होता. ती म्हणायची, अशीच चल न, नवी गाडी हाये, चढते. तो म्हणायचा, एकदाच नेईन, पण बरोबर नेईन. दहा हजार होऊ दे.

नोव्हेंबरात सीमाच्या गर्भपिशवीचे दुखणे निघाले. बरेच उशिरा कळले होते. तिचे माहेर अकोल्याचे, तिथल्या डॉक्टरांवर तिचा विश्वास, म्हणून किरणांचे शेक तिकडे सुरू झाले. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. आईकडे राहून घे, असे सगळ्यांनी सांगितले, मनकर्णाबाई म्हणजे तिची आई तर रडल्या, पण रात्री आपल्याच घरी निजायचे हा तिचा हट्ट होता. रोज जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. गाडीला तिच्या बाजूने धक्का बसू नये म्हणून नितेशने त्या रस्त्यावरच्या पुलांचा एकेक सांधा पाठ केला. सीट मागे पाडून ती पडून राहायची. ज्याने शहरातल्या निम्म्या पोरांच्या गाड्या पळत्या केल्या, तो साठच्या वर जात नव्हता.

संध्याकाळी ते परतले की मी फाटकाशी उभा राहायचो. काय विचारावे ते मला सुचत नसे. सीमाच काहीतरी बोलायची. एकदा काच खाली करून म्हणाली, "सर, माह्यामुळं याची गाडी झपाट्यानं खुलून राहिली. अन् मी मिटून राहिली."

नितेश म्हणाला, "चूप बस." ती हसली. मीही हसलो असेन. हसलो नसतो तर बरे झाले असते.

जानेवारीतला एक रविवार होता. रविवारी शेक नसायचा. सकाळी नऊच्या सुमारास नितेश पुस्तक घेऊन माझ्या दारात आला. आत ये म्हटले तर आला नाही, चपलाही काढल्या नाहीत.

"सर, सहा हजार झाले. आता पहिली पायरी केली तं चालते का? पुस्तकात काय लिव्हलं हाये थे सांगा."

मी चष्मा लावून पान शोधले. चार ओळी होत्या. पहिले दीड हजार किलोमीटर नवे इंजिन सांभाळून चालवावे, त्यानंतर पहिली पायरी करण्यास हरकत नाही, त्याहून अधिक थांबणे ही मालकाची मर्जी आहे, इंजिनाची गरज नाही. मी ते तीनदा वाचले. मग मला शंका आली, की आपण गाडीतले काय जाणतो. उस्तादांचे दहा हजार एकीकडे, आणि हे कोणा परदेशी माणसाचे वाक्य. उद्या इंजिन बसले, दवाखान्याच्या वाटेत गाडी थांबली, तर ते माझ्या शब्दावर. आयुष्यभर मी लोकांच्या हातात पुस्तके दिली, त्यात काय लिहिले आहे याची जबाबदारी कधी घेतली नाही.

"नीट स्पष्ट नाही," मी म्हणालो. "दहा हजारच धर. थांबलेलं बरं."

त्याने पुस्तक मिटले. "बरं सर," म्हणाला आणि गेला. मी आत जाऊन चहा ठेवला. मला बरे वाटले होते, हेही लिहिले पाहिजे.

शेक संपले. फेब्रुवारीत दोनदा तिला अकोल्याला भरती केले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती तिथेच गेली. परत आणताना तिला रुग्णवाहिकेतून आणले, आणि नितेश मागून एकटा गाडी चालवत आला. फाटकाशी मी उभाच होतो.

त्यानंतर गाडीवर दोन महिने कव्हर होते. गॅरेज चालू होते, पण बाजूच्या सीटवर कोण बसते, हे तो आता कोणाला विचारत नसे. सांगाल तेवढे करून द्यायचा. शिवम परत आला तेव्हा त्याला दुसरी पायरी करून दिली. आई बसते हे नितेशला आठवतही नव्हते, किंवा आठवत असेल.

मे महिन्यात एका सकाळी त्याने कव्हर काढलेले दिसले. मी रस्ता ओलांडून गेलो. गाडीचे दार उघडे, आतून निघालेली वायर लॅपटॉपला जोडलेली. समोरच्या काट्यांच्या मधला किलोमीटरचा आकडा नऊ हजार नऊशे चौऱ्याण्णव दाखवत होता. कव्हर घालण्याआधी अकोल्याहून सीमाचे सामान आणायला तो एकदा गेला होता, त्यात इतका झाला.

"सर, वाचा बरं थे पान," तो म्हणाला. "एक डाव पक्कं करून घेतो. आता पूर्ण करतो. तिन्ही पायऱ्या."

मी पुस्तक घेतले. या वेळी मी चारही ओळी होत्या तशा सांगितल्या. दीड हजार, हरकत नाही, मालकाची मर्जी, इंजिनाची गरज नाही.

त्याने पुस्तक माझ्या हातातून घेऊन तेच पान स्वतः पाहिले.

"तवा बी हेच लिव्हलं होतं?"

"हो."

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कोणत्याही गाडीचे काम करण्याआधी तो मूळ आकडे जपून ठेवायचा, म्हणजे काही बिघडले तर गाडी पहिल्यासारखी करता येते. त्यांची लांब यादी होती, प्रत्येकापुढे मालकाचे नाव आणि तारीख. त्याने एका ओळीवर बोट ठेवले. इंग्रजी अक्षरांत सीमा, आणि पुढे अकरा जानेवारी. तो रविवार.

"सकाळीच काढून ठेवले होते. अर्ध्या घंट्याचं काम होतं," तो म्हणाला. "थे साडी नेसून गाडीत येऊन बसली होती. म्हने आज बरं वाटून राह्यलं, आज ने घाटात. म्या म्हटलं थांब, सरले विचारून येतो."

माझ्याने विचारल्याशिवाय राहवले नाही. ती काय म्हणाली?

"काई नाही. म्हने, सर म्हनत असतीन तं थांबू. अन् उतरली."

मी चुकलो म्हणालो. तो रागावला असता तर मला काही करता आले असते. तो फक्त म्हणाला, "तुमचं काय सर. दहा हजार तं माहेच होते." आणि लॅपटॉपवर वाकून तिसऱ्या पायरीचे आकडे काढू लागला.

तेव्हा मी ते विचारले. इतक्या वर्षांत गाडीबद्दलचा कोणताही प्रश्न मी स्वतःहून विचारला नव्हता.

"नितेश, बाजूच्या सीटवर कोण बसते?"

त्याचा हात थांबला. वर पाहिले नाही. मी गाडीला वळसा घालून गेलो, पलीकडचे दार उघडले आणि बसलो. सीट अजून मागे पाडलेलीच होती. ती सरळ कशी करतात ते मला ठाऊक नव्हते, आणि विचारायचे नव्हते. तसाच पडून छताकडे पाहत राहिलो.

थोड्या वेळाने लॅपटॉप मिटल्याचा, मग वायर काढल्याचा आवाज आला. तो येऊन बसला. गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. आकडा दहा हजारांवर गेला तेव्हा त्याने पाहिला असेल, मला पडल्या जागेवरून दिसत नव्हता. गाडी साठच्या वर गेली नाही, एवढे मात्र मला आवाजावरून कळत होते.

बडनेऱ्याच्या अलीकडे पुलावर एक सांधा उंच आहे. तो यायच्या बराच आधी गाडी हळू झाली. नितेशचा डावा हात गिअरवरून उचलला गेला आणि माझ्या छातीसमोर आडवा आला, अंगाला न टेकता, कोणाला तरी धक्का बसू नये म्हणून धरावा तसा. सांधा गेला तरी तो क्षणभर तिथेच होता. मग त्याने तो हळूच परत गिअरवर ठेवला.